खानदेशांतील कलावंतांची शाळा

‘मुलगा चित्रें चांगलीं काढतो’ हें वाक्य सुशिक्षित घरांत कौतुकानें उच्चारलें जातें. परंतु ‘मुलगा चित्रकार होणार म्हणतो’ असें कोणीं म्हटलें कीं त्याच घरांत क्षणभर शांतता पसरते. कौतुक आणि काळजी यांच्यामधील हें अंतर फार जुनें आहे. चित्र काढणें हा गुण खरा, पण त्यावर संसार चालेल काय, आणि चालावयाचा असेल तर ती विद्या शिकावयाची कोठें, हे दोन प्रश्न प्रत्येक पिढीच्या आईबापांना पडत आले आहेत. मुंबईसारख्या शहरांत त्यांचें उत्तर निदान शोधतां येतें. जळगांव-धुळ्याकडील एखाद्या खेड्यांत तें कसें शोधलें गेलें, याचा इतिहास मात्र फारसा सांगितला जात नाहीं. आणि तो सांगण्यासारखा आहे.

खानदेश म्हटला कीं कापूस, केळीं आणि तापीकांठची काळी जमीन डोळ्यांपुढें उभी राहते. १९०६ मध्यें या विस्तीर्ण जिल्ह्याचे पूर्व खानदेश आणि पश्चिम खानदेश असे दोन भाग झाले. तेच पुढें जळगांव व धुळें या नांवांनीं ओळखले जाऊं लागले, आणि १९९८ मध्यें धुळ्यांतून नंदुरबार वेगळा निघाला. शेतीचा, पेठांचा आणि रेल्वेचा हा मुलूख. कलेच्या इतिहासांत त्याचें नांव सहसा कोणी घेत नाहीं. तथापि जगांतील एक अत्यंत थोर चित्रशाळा त्याच्या वेशीवरच आहे. अजिंठ्याच्या लेण्यांखालून वाहणारी वाघूर नदी डोंगर उतरून खानदेशांतच येते व तापीला मिळते. लेणीं ज्या डोंगरांत आहेत तो भाग पूर्वी निजामाच्या राज्यांत होता आणि आज छत्रपति संभाजीनगर जिल्ह्यांत मोडतो. परंतु जळगांवच्या स्टेशनावर उतरून सुमारें साठ किलोमीटरांची वाट धरणें, हा प्रवाशांचा नेहमींचा एक मार्ग होऊन बसला आहे.

१८१९ मध्यें एका इंग्रज अधिकाऱ्याच्या दृष्टीस हीं लेणीं पडलीं. पुढें १८४४ मध्यें ईस्ट इंडिया कंपनीनें मद्रास लष्करांतील रॉबर्ट गिल या अधिकाऱ्यास भिंतींवरील चित्रांच्या प्रतिकृति करण्याच्या कामावर नेमलें. गिलनें अनेक वर्षें या परिसरांत राहून तें काम केलें. त्याचीं बहुतेक तैलचित्रें लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्यें मांडलेलीं असतां १८६६ च्या आगींत नाहींशीं झालीं. तो स्वतः १८७९ मध्यें वारला, आणि भुसावळच्या मातींत त्याचें दफन झालें. त्याच्यामागून मुंबईच्या सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स हे १८७२ पासून आपल्या विद्यार्थ्यांस घेऊन येऊं लागले. पेस्तनजी बोमनजींसारख्या विद्यार्थ्यांनीं वर्षानुवर्षें खपून त्या चित्रांच्या नव्या प्रतिकृति तयार केल्या. त्यांतल्याहि कित्येक लंडनमध्यें १८८५ च्या आगींत जळाल्या. तरीहि त्या श्रमांतून १८९६-९७ मध्यें दोन खंडांचा एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. १९०९ नंतर लेडी हेरिंगहॅम यांच्याबरोबर बंगालचे नंदलाल बोस, असितकुमार हालदार आदि तरुण चित्रकार आले.

मद्रासचा अधिकारी आला, मुंबईचे विद्यार्थी आले, बंगालचे चित्रकार आले. प्रत्येकानें येथें कांहींतरी शिकून घेतलें आणि तें तो आपल्याबरोबर घेऊन गेला. शेजारच्या खेड्यांतील मुलाला मात्र लेणीं म्हणजे डोंगरांतील जुनें देवस्थान, याहून अधिक कांहीं सांगणारा कोणी नव्हता. वेशीवरची ही शाळा दीर्घकाळ पाहुण्यांचीच शाळा राहिली.

त्या काळीं कला शिकावयाची म्हणजे मुंबई गांठणें भाग होतें. जमशेटजी जिजीभाई यांनीं दिलेल्या एक लाख रुपयांच्या देणगींतून १८५७ मध्यें ती कलाशाळा सुरू झाली, आणि मुंबई इलाख्यांतील कलाशिक्षणाचें तेंच केंद्र झालें. जिल्ह्याच्या गांवीं पोंचत असे ती केवळ तिची सावली. म्हणजे हायस्कुलांतील ड्रॉइंगचा तास आणि एलिमेंटरी व इंटरमिजिएट या सरकारी परीक्षा. या परीक्षांस आज कोणी कितीहि नाक मुरडो, त्यांनीं एक मोठें काम केलें. स्मरणचित्र, वस्तुचित्र, नक्षीकाम व भूमिति यांच्या कागदांवरून खेड्यांतील एखाद्या मुलाच्या हातांत कांहीं विशेष आहे, ही गोष्ट प्रथमच सरकारी शिक्क्यानिशीं त्याच्या बापाला कळूं लागली.

खानदेशांतील सामान्य जनतेला उच्च प्रतीची कला आपल्याच मातींतून उभी राहतांना दिसली ती १९३६ च्या डिसेंबरांत. त्या वर्षीं काँग्रेसचें अधिवेशन पूर्व खानदेशांतील फैजपूर येथें भरलें. खेड्यांत भरलेलें तें पहिलेंच अधिवेशन. अध्यक्ष पंडित जवाहरलाल नेहरू. गांधीजींनीं नगराच्या सजावटीसाठीं शांतिनिकेतनाहून नंदलाल बोस यांस बोलावून घेतलें. उभारावयाचें तें खेड्यांत मिळणाऱ्या वस्तूंतून आणि खेड्यांतील कारागिरांच्या हातांनींच, असा गांधीजींचा आग्रह होता. उभारणीची जबाबदारी म्हात्रे या वास्तुशिल्पज्ञांकडे होती. बांबू आणि गांवाकडील तसल्याच साध्या साहित्यांतून मंडप व कमानी उभ्या राहिल्या, आणि अध्यक्षांच्या मिरवणुकीसाठीं बैलजोड्यांनीं ओढावयाचा सुशोभित रथ तयार झाला. जो तरुण सत्तावीस वर्षांपूर्वीं अजिंठ्याच्या भिंतींपुढें विद्यार्थी म्हणून बसला होता, तो या वेळीं आचार्य होऊन त्याच परिसरांत आला होता. आणि शिकविण्याकरितां त्याला इमारतीची जरूर पडली नव्हती. बांबू रोज हाताळणाऱ्या माणसांना त्याच बांबूचें सौंदर्य त्यानें दाखवून दिलें. अधिवेशन संपलें, मंडप उतरला. परंतु कलेचें शिक्षण खेड्यांत होऊं शकतें हा अनुभव मागें राहिला.

यानंतर दोनच वर्षांनीं, १९३८ मध्यें, एक तरुण कलावंत विलायतेहून चाळीसगांवीं परतला. केकी मूस यांचा जन्म २ ऑक्टोबर १९१२ रोजीं मुंबईच्या एका पारशी कुटुंबांत झाला. आईवडिलांचें बिऱ्हाड चाळीसगांवीं. मुंबईच्या विल्सन कॉलेजांतील शिक्षण आटोपून त्यांनीं इंग्लंडांतील शेफील्डच्या बेनेट कॉलेजची व्यापारी चित्रकलेची पदविका मिळविली आणि छायाचित्रणांतहि प्रावीण्य संपादन केलें. अशी पदविका हातीं असलेल्या माणसास मुंबईंत जाहिरातीच्या धंद्यांत सहज जागा मिळाली असती. त्यांनीं ती वाट धरली नाहीं. चाळीसगांवच्या स्टेशनाजवळील आपल्या घरांतच त्यांनीं स्वतःस जवळजवळ कोंडून घेतलें, आणि ३१ डिसेंबर १९८९ रोजीं देहावसान होईपर्यंत, म्हणजे सुमारें पन्नास वर्षें, ते क्वचितच घराबाहेर पडले.

या एकांतवासाभोंवतीं विरहाच्या व वाट पाहण्याच्या अनेक कथा लोकांनीं गुंफल्या आहेत. कलेच्या दृष्टीनें त्या कथांपेक्षां महत्त्वाचें आहे तें त्यांच्या खोलींतील मेज. त्या मेजावर घरांतल्या साध्यासुध्या वस्तु मांडून, दिव्यांचा प्रकाश हवा तसा वळवून, मूस संपूर्ण देखावे उभे करीत आणि त्यांचें छायाचित्र घेत. मेजावरील छायाचित्रण या प्रकारांत त्यांनीं देशोदेशींचीं शेंकडों पारितोषिकें मिळविलीं. चित्रें, लांकडांतील शिल्पें व कागदाच्या घड्यांचीं कामें हींहि त्याच घरांत होत. आज त्या घरांत त्यांच्या कलाकृतींचें संग्रहालय आहे, आणि ‘कलामहर्षि’ ही लोकांनीं दिलेली पदवी त्यांच्या नांवाशीं कायमची जोडली गेली आहे.

मूस यांच्या उदाहरणानें एक गोष्ट सिद्ध झाली. जगाच्या पारखीस उतरेल असें काम तालुक्याच्या गांवीं बसून करतां येतें. परंतु हेंहि तितकेंच खरें कीं त्यांना राहतें घर होतें, विलायतेस जाण्याइतकी घरची ऐपत होती, आणि पोटासाठीं नोकरी शोधणें त्यांस प्राप्त नव्हतें. ज्याच्या घरांत यांपैकीं कांहींच नाहीं, त्यानें काय करावें? या प्रश्नाचें उत्तर धुळ्याच्या बाजूस मिळतें.

राम वनजी सुतार यांचा जन्म १९ फेब्रुवारी १९२५ रोजीं धुळ्याजवळील गोंदूर या खेड्यांत झाला. वडील सुतारकाम करीत. अशा घरांतील मुलास हत्यार धरावयास वेगळें शिकवावें लागत नाहीं. लांकडाचा दाणा कोणत्या दिशेनें आहे, पटाशी किती जोरानें मारावयाची, माप कोठून घ्यावयाचें, हें सारें तो पाहतां पाहतां उचलतो. घरानें त्याला हात दिला. परंतु या हाताचें क्षेत्र नांगर, दार व बैलगाडी एवढेंच नाहीं, हें ओळखावयास दुसरा डोळा लागतो. तो डोळा श्रीराम कृष्ण जोशी या गुरूचा होता. त्यांच्याच प्रेरणेनें हा तरुण मुंबईस जाऊन सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेंत दाखल झाला. १९४८ च्या सुमारास, गांधीजींच्या वधानें सारा देश शोकाकुल असतां, त्यानें गांधीजींची पहिली प्रतिमा घडविली. त्या विषयानें पुढें जन्मभर त्यांची पाठ सोडली नाहीं. १९५३ मध्यें पदविका हातीं आली, आणि शिल्पकलेंतील नैपुण्याबद्दल मेयो सुवर्णपदकहि मिळालें.

येथपर्यंतची कथा अनेकांची असते. पदक मिळतें आणि त्यानंतर खरा प्रश्न उभा राहतो. शिल्पकाराचा धंदा चित्रकाराच्या धंद्याहून अधिक कठीण, कारण त्याचें साहित्य महाग आणि गिऱ्हाईक दुर्मिळ. मातीचा नमुना करावयाचा, त्यावरून प्लास्टरचा साचा काढावयाचा, मग ब्राँझचें ओतकाम; यांतील प्रत्येक पायरीस जागा, माणसें व पैसा लागतो. कोणी काम सांगितल्याशिवाय शिल्पकारानें मोठें शिल्प करणें जवळजवळ अशक्यच. राम सुतार यांनीं १९५४ मध्यें नोकरी धरली ती पुरातत्त्व खात्याची. आणि नेमणूक झाली ती औरंगाबादेस, वेरूळ व अजिंठा येथील भग्न शिल्पांच्या दुरुस्तीच्या कामावर.

खानदेशच्या कलाशिक्षणाच्या इतिहासांत या घटनेचें महत्त्व फार आहे. जी शाळा दीर्घकाळ पाहुण्यांची राहिली होती, तिच्यांत खानदेशच्या खेड्यांतील एका सुताराच्या मुलानें प्रवेश मिळविला होता. प्रेक्षक लेणीं पाहतो, चित्रकार त्यांची नक्कल करतो. परंतु तुटलेला अवयव जोडावयाचा असेल तर मूळ शिल्पकारानें छिन्नी कोणत्या कोनानें धरली असेल याचाच विचार करावा लागतो. मान किंचित् कलली असेल तर खांदा कोठें उतरतो, शरीराचा भार कोणत्या पायावर आहे, वस्त्राची चुणी कोठें संपते, हें ठरविल्यावांचून एक बोटसुद्धां जोडतां येत नाहीं. शिवाय वेरूळास दगडाचा आकार डोंगराएवढा आहे. डोंगर कापून मंदिर करणाऱ्यांच्या सहवासांत ज्यानें चार वर्षें घालविलीं, त्याला पुढें आकारमानाचें भय वाटलें नाहीं यांत नवल नाहीं. मुंबईच्या शाळेनें पदविका दिली; या दुसऱ्या शाळेनें शिकवितां शिकवितां पगारहि दिला.

१९५८ मध्यें ते दिल्लीस केंद्र सरकारच्या माहिती व नभोवाणी खात्यांत आले. नोकरी सरकारी, पगार ठरलेला, पुढें निवृत्तिवेतन. कोणत्याहि मध्यम स्थितींतल्या घरास याहून अधिक काय हवें असतें? परंतु १९५९ मध्यें ती नोकरी सोडून त्यांनीं स्वतंत्र व्यवसाय आरंभिला. त्या वेळीं त्यांचें वय चौतीस होतें व ते संसारी गृहस्थ होते. हा निर्णय धाडसाचा खरा, पण अविचाराचा म्हणतां येणार नाहीं. त्याच्यामागें घरचें हत्यार, गुरूची पारख, शाळेची शिस्त आणि लेण्यांतील उमेदवारी एवढी तयारी होती. लौकरच चंबळ नदीवरील गांधीसागर धरणापाशीं त्यांचें पंचेचाळीस फूट उंचीचें ‘चंबळ’ हें शिल्प उभें राहिलें. नदी ही माता, आणि मध्य प्रदेश व राजस्थान हीं तिचीं दोन बालकें, अशी त्याची कल्पना. पाणी वांटून घेणाऱ्या दोन राज्यांस भावंडें म्हणून दाखविण्याची ही सूझ शेतकऱ्यांच्या मुलुखांत वाढलेल्या माणसाची आहे.

पुढील हकीकत सर्वश्रुत आहे. संसदेच्या आवारांतील ध्यानस्थ गांधीजींचें शिल्प १९९३ मध्यें बसलें. १९९९ मध्यें पद्मश्री व २०१६ मध्यें पद्मभूषण हे सन्मान मिळाले. ३१ ऑक्टोबर २०१८ रोजीं नर्मदाकांठीं सरदार वल्लभभाई पटेलांच्या १८२ मीटर उंचीच्या पुतळ्याचें अनावरण झालें. त्याचे शिल्पकार राम सुतार त्या वेळीं त्र्याण्णव वर्षांचे होते. जगांतील सर्वांत उंच पुतळ्याचा मूळ नमुना गोंदूरच्या सुताराच्या मुलाच्या हातचा होता. २०२५ मध्यें त्यांस महाराष्ट्रभूषण पुरस्कार जाहीर झाला, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत, वयाचीं शंभर वर्षें पुरीं करून, त्यांनीं देह ठेवला.

मूस आणि सुतार यांचीं चरित्रें शेजारीं ठेवलीं असतां एक विचार मनांत आल्यावांचून राहत नाहीं. एकास घरची ऐपत लाभली, दुसऱ्यास अगदीं वेळेवर गुरु भेटला. ज्यांना यांपैकीं कांहींच लाभलें नाहीं त्यांचीं नांवें कोणास ठाऊक नाहींत. गोंदूरसारखीं शेंकडों गांवें खानदेशांत आहेत आणि प्रत्येक गांवांत सुतार, कुंभार, सोनार आहेत. त्या घरांतील किती मुलांचा हात कोणाच्या नजरेस न पडतांच दारें-चौकटींत संपला असेल! योगायोगाच्या जागीं कायमची सोय करावी, एवढ्यासाठींच गांवाजवळची शाळा हवी असते.

ती सोय जळगांव जिल्ह्यांत झाली ती एका खेड्यांतच, आणि फैजपूरच्या अधिवेशनाशीं तिचें नातें आहे. रावेर तालुक्यांतील खिरोदा हें सातपुड्याच्या पायथ्याचें गांव. फैजपूरच्या अधिवेशनासाठीं झटलेल्या कार्यकर्त्यांत याच गांवचे धनाजी नाना चौधरी हे प्रमुख होते. त्यांचे पुत्र मधुकरराव चौधरी पुढें महाराष्ट्राचे शिक्षणमंत्री आणि १९९० ते १९९५ या काळांत विधानसभेचे अध्यक्ष झाले. खिरोद्याच्या जनता शिक्षण मंडळानें त्या गांवीं जें कलामहाविद्यालय चालविलें, त्याचें नांव सप्तपुट ललित कला भवन. सप्तपुट म्हणजे सात घड्यांचा डोंगर, म्हणजेच सातपुडा. डोंगराचें नांव कलाशाळेस देणाऱ्यांनीं ती कोणत्या मातीची आहे हें आरंभींच सांगून टाकलें. १९९० मध्यें जळगांवीं उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ निघालें. २०१८ मध्यें त्यास कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचें नांव मिळालें. अशा रीतीनें कलेची पदवी घेण्यास मुंबईच गांठावी लागते ही स्थिति खानदेशापुरती पालटली.

लहान गांवच्या कलामहाविद्यालयांत काय शिकवितात, याची शहरांतील घरांना फारशी कल्पना नसते. आरंभींच्या काळांत विद्यार्थी वस्तुचित्र, निसर्गचित्र, स्मरणचित्र, यथार्थदर्शन, अक्षरलेखन व संकल्पचित्र यांवर हात बसवितो. मग तो रंगचित्रण किंवा उपयोजित कला अशी आपली शाखा निवडतो. ज्याला चित्रकलेचा शिक्षक व्हावयाचें असेल त्याच्यासाठीं कलाशिक्षक पदविकेचा स्वतंत्र अभ्यासक्रम असतो. १९६५ मध्यें राज्यांत स्वतंत्र कला संचालनालय स्थापन झालें, तेव्हांपासून ग्रेड परीक्षांची व्यवस्था त्याच्याकडे आली.

लहान संस्थेच्या उणिवा झांकण्यांत अर्थ नाहीं. मोठ्या चित्रप्रदर्शनांचा सहवास, नामांकित चित्रकारांची ये-जा, चित्रें विकत घेणारा धनिक वर्ग, हें सारें मुंबई-पुण्यास जितकें आहे तितकें खिरोद्यास असणार नाहीं. परंतु कांहीं गोष्टी तेथें आहेत त्या मुंबईंत मिळत नाहींत. घरची भाकरी सुटत नाहीं, म्हणून गरिबाच्या मुलीलाहि शिकतां येतें. वर्गांतील मुलें थोडीं असल्यामुळें शिक्षकाची नजर प्रत्येक कागदावर पडते. केळीच्या बागा, तापीचा कांठ, पाड्यांवरील भिंती व बाजारचे दिवस हे विषय डोळ्यांपुढें असतात. आणि वाघूरच्या उगमाकडे एका दिवसांत जाऊन येतां येतें.

राहिला पोटाचा प्रश्न. या इतिहासावरून त्याचें एकच एक उत्तर निघत नाहीं, आणि तसें उत्तर कोणीं दिलें तर त्यावर विश्वास ठेवूं नये. पूर्वीं पाट्या व पडदे रंगविणाऱ्यांचें पोट ज्या कामावर चाले, तें काम छपाईच्या यंत्रांनीं बहुतांशीं हिरावून घेतलें. त्याच यंत्रांनीं पुस्तकांची मांडणी, वेष्टनांची रचना व चलच्चित्रांचें रेखाटन हीं नवीं कामें निर्माण केलीं, आणि तीं करण्यास आज जळगांव सोडावेंच लागतें असें नाहीं. शाळेंतील चित्रकला-शिक्षकाची जागा मिळाली तर ती उत्तम. कारण जोशी गुरूंसारखी नजर असलेला एक मनुष्य एखाद्या तालुक्यांत असणें, यावर पुढल्या पिढीचें पुष्कळ अवलंबून असतें. राम सुतारांनीं नोकरी सोडली ती चौतिसाव्या वर्षीं, हात पुरा तयार झाल्यावर. तोंपर्यंत पगार घेऊन शिकण्यांत त्यांस कमीपणा वाटला नाहीं. मूस यांनीं नोकरी धरलीच नाहीं, पण मेजावरचें काम पन्नास वर्षें एक दिवस ढिलें होऊं दिलें नाहीं.

ज्या घरांत आज एखादें मूल वहीच्या समासांत चित्रें काढीत बसलें आहे, त्या घरानें भविष्याची हमी मागण्यापूर्वीं दोन गोष्टी कराव्या. त्याचे कागद चित्रकला जाणणाऱ्या कोणा शिक्षकास दाखवावे, आणि सुटींत त्याला अजिंठ्यास घेऊन जावें. तेथें गेल्यावर घाई करूं नये. त्याला एका भिंतीपुढें हवें तितका वेळ बसूं द्यावें. त्याच्या हातीं पेन्सिल आणि कोरा कागद असूं द्यावा.